उत्तम चेष्टेबद्दल

जयपुरात बदलून आलेल्या मराठी माणसांचं एक मंडळ होतं. रेल्वेवाले, बँकवाले, विमावाले वर्षभर एकमेकांना टाळायचे आणि गणपतीत दहा दिवस बनी पार्कातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये गळ्यात गळे घालायचे. स्पर्धांची यादी दरवर्षी तीच. पुरुषांसाठी कॅरम, महिलांसाठी रांगोळी, मुलांसाठी चित्रकला. कॅरम जिंकणाऱ्याचं नाव मंडळाच्या लाकडी फलकावर पांढऱ्या रंगात रंगवायचे आणि तो फलक मखराशेजारी टांगायचे. रांगोळी जिंकणारीला जवळच्या बगरू गावची छापील चादर मिळायची. तिचं नाव कुठे लिहीत नसत, आणि दुसऱ्या दिवशी ती रांगोळी झाडूनही तिलाच काढावी लागे.

मला त्या फलकावर नाव हवं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे लोकांनी माझ्या हेतूबद्दल बरंच काही म्हटलं. बायकांचे हक्क, समानता, वर्तमानपत्रात वाचलेलं असलं काहीबाही. माझ्या मनात एवढं मोठं काही नव्हतं. मी कॅरम चांगला खेळत होते आणि फलकावरचे बहुतेक जण भिकार खेळत होते, एवढंच.

मी भुसावळची. वडील रेल्वेच्या लोको शेडमध्ये होते, आणि आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर सुट्टीच्या दिवशी कॅरम मांडलेला असायचा. दोघे थोरले भाऊ मला लिंबूटिंबू म्हणून खेळायला घेत. लिंबूटिंबू म्हणजे खेळात आहे, पण खिजगणतीत नाही. सोंगटी घेतली तर कौतुक, नाही घेतली तरी चालतंय, आणि जिंकली तर ते जिंकणं धरायचं नाही. दहाव्या वर्षी मी दोघांनाही ओळीने हरवलं आणि माझं लिंबूटिंबूपण संपलं. निदान मला तरी तसं वाटलं होतं.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी आणि नवरा दोघेही रेल्वेत कारकून, खातीपुऱ्यात भाड्याने राहत होतो. नवऱ्याला कॅरममधलं ओ की ठो कळत नाही, पण पुरुष म्हणून त्याचं नाव दरवर्षी यादीत आपोआप चढायचं आणि दरवर्षी तो पहिल्याच फेरीत घरी यायचा. त्या वर्षी तो मंडळाच्या सचिवांना म्हणाला, "माझ्या जागी ही खेळेल."

सचिव विमा कंपनीत साहेब होते. जन्म जयपूरचा, शाळा हिंदी, त्यामुळे त्यांची मराठी म्हणजे हिंदीच्या पिठात कालवलेलं थालीपीठ. पण शुद्ध मराठी टिकवायची जबाबदारी आपल्याच शिरावर आहे, असा त्यांचा समज होता. ते म्हणाले, "वहिनीजी? मतलब, लेडीजसाठी रांगोळी आहे ना."

"तिला रांगोळी येत नाही," नवरा म्हणाला. हे अगदी खरं होतं.

मग कोपऱ्यात तिघा कार्यकर्त्यांची मसलत बसली. पुरुषाच्या समोर बाई बसणार, ते बरं दिसेल का. ओढणी बोर्डावर आली तर फाऊल धरायचा का. वीस मिनिटं चाललं होतं हे. एवढा विचार त्यांनी मखर बांधताना केला असता तर ते दुसऱ्याच दिवशी कललं नसतं. शेवटी सचिव हसत आले. "ठीक आहे. वहिनीजींना लिंबूटिंबू म्हणून घेऊ. खेळू द्या बिचारीला."

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. तेव्हाच 'लिंबूटिंबू कोण?' असं विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण खेळायला मिळतंय ना, या आनंदात मी ते गिळलं.

पहिल्या फेरीत बँकेतले एक अधिकारी समोर आले. मी बोर्डावर पावडर टाकली तर म्हणाले, "वहिनी, सगळी पावडर इथेच संपवू नका, चेहऱ्याला ठेवा." प्रेक्षकांना हा विनोद फार आवडला. मी राणी घेतली, लगेच आपली सोंगटी घेऊन तिला कव्हर दिलं आणि तो विनोदवीर सात सोंगट्या बोर्डावर ठेवून उठला. उठताना म्हणाला, "मुद्दाम सोडली हो. वहिनींना काय हरवायचं."

दुसऱ्या फेरीतल्याने सांगितलं की बोर्डच वाकडा आहे. उपांत्य फेरीतल्याची कंबर धरली होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसली अंगणं मी त्या चार दिवसांत बरीच पाहिली. इतक्या मोठ्या पोटांची, इतक्या मोठ्या हुद्द्यांची माणसं एका कारकून बाईकडून हरल्यावर इतकी छोटी होतात, हे मला माहीत नव्हतं. माहीत झालं आणि खरं सांगते, मजा आली.

बायकांनीही काही कमी केलं नाही. रांगोळीवाल्यांपैकी एक मला म्हणाली, "मिस्टरांच्या जागेवर बसलीस, बरं दिसतं का?" मी म्हटलं, त्यांनीच बसवलंय. तर तिला माझ्या नवऱ्याची दया आली.

अंतिम सामना सचिवांशी होता. ते सलग तीन वर्षांचे विजेते. हॉल भरलेला, पंखे फुल, आणि सोंगट्या उडत नाहीत हे माहीत असूनही कुणीतरी पंखा कमी करा म्हणून ओरडत होतं. शेवटच्या बोर्डला आम्ही बरोबरीत होतो. त्यांनी राणी घेतली, पण कव्हर द्यायला गेले आणि सोंगटी भोकाच्या तोंडाशी अडली. राणी परत मध्ये आली. मी ती घेतली, कव्हर दिलं आणि उरलेल्या दोन सोंगट्या एकापाठोपाठ घेतल्या. माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिच्याशिवाय फारसं कुणी वाजवल्याचं आठवत नाही.

बक्षीस समारंभ दुसऱ्या दिवशी होता. कपाट उघडलं, करंडक निघाला आणि माइकवर विजेत्याचं नाव पुकारलं गेलं. सचिवांचं. मी उठून विचारलं तेव्हा त्यांनी माइकवर हात ठेवला आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "वहिनीजी, रूल तो रूल आहे ना. तुम्ही लिंबूटिंबू होतात. तुम्ही मानलं होतं, हसलाही होतात. पण तुमच्यासाठी आम्ही स्पेशल प्रमाणपत्र केलंय."

त्यांनी ते माझ्या हातात दिलं. जाड कागद, सोनेरी किनार, वळणदार अक्षर. लिहिलं होतं: 'कॅरम स्पर्धेत केलेल्या उत्तम चेष्टेबद्दल सन्मानपूर्वक प्रदान.'

मी दोनदा वाचलं. मग लक्षात आलं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. त्या माणसाला लिहायचं होतं 'उत्तम प्रयत्न'.

"हे तुम्ही लिहिलंत?" मी विचारलं.

"पूर्ण मीच. शुद्ध मराठीत," ते म्हणाले. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. यांच्याकडे शब्दच नव्हता, तर मार कुठून लागणार?

घरी आल्यावर मुलीने तो कागद हातात घेतला. तीही हिंदी शाळेतली. अक्षर अक्षर लावत वाचून म्हणाली, "आई, उत्तम चेष्टा. मतलब तू खूप छान प्रयत्न केलास, असं लिहिलंय ना?" तिचा चेहरा इतका फुलला होता की मी आधी मान डोलावली. मग वाटलं, आज नाही सांगितलं तर उद्या हिला कुणीतरी असाच कागद देईल आणि ही तो भिंतीवर लावेल. मी तिला मराठीतला अर्थ सांगितला. तिने कागद उलटा करून पाहिला. मग म्हणाली, "पण तू तर जिंकली होतीस."

आठवड्याने सचिव खातीपुऱ्यात आमच्या घरी आले. कुणीतरी जाणत्याने त्यांना अर्थ सांगितला असावा. ओशाळले वगैरे होते, पण शब्दाच्या चुकीबद्दल. हातात नवा कागद होता, 'उत्तम प्रयत्नाबद्दल'. "तो जुना परत द्या, वहिनीजी. मंडळाचं नाव खराब होतं. लोकं हसतील."

मी चहा ठेवला. म्हटलं, "लगेच देते. फलकावरचं नाव तेवढं बदला."

"ते कसं होणार? तुम्ही तर लिंबूटिंबू होतात ना."

"मग तुम्ही चेष्टाच केली होती. शब्द बरोबर आहे, राहू द्या."

त्यांनी चहा संपवला, नवा कागद गुंडाळून खिशात घातला आणि गेले. पुढच्या वर्षी फलकावर त्यांचं नाव चौथ्यांदा चढलेलं मी पाहिलं. त्या वर्षी यादीत 'फक्त पुरुषांसाठी' असं शुद्ध मराठीत छापलं होतं. त्यात एकही चूक नव्हती.

सचिव चहा पिऊन गेले त्याच संध्याकाळी मुलीने पलंगाखालून कॅरम ओढून काढला आणि सोंगट्या लावल्या. मी सवयीने म्हटलं, तू पहिली मार, तुझा फाऊल धरणार नाही.

"नको," ती म्हणाली. "मला लिंबूटिंबू नको घेऊस."

मी तिला पंचवीस-शून्यने हरवलं. ती रडली. मग नाक पुसून तिने सोंगट्या पुन्हा लावायला घेतल्या.