मॅग्नेटोला लावलेलं तेल

शिमग्याला घरी आलो होतो, तो परत मुंबईला निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी बी.ए.चा पहिला पेपर होता. रेवसहून मुंबईची दुपारची लाँच चुकली, तर त्या दिवशी दुसरी नव्हती. पेपर बुडाला की वर्ष बुडालं आणि फीमाफीही गेली. तिच्याशिवाय पुन्हा वर्षभर मुंबईत राहणं आमच्या घराला झेपणारं नव्हतं.

बा आधी मचव्यावर होता, मग लाँचच्या इंजिनावर आणि आता एका शेठची जुनी सर्व्हिस मोटार अलिबाग ते रेवस चालवत होता. त्या दिवशी मी त्याच्याशेजारी बसलो होतो. मागे सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन दोन कोळणी होत्या. मिठागरांजवळ मोटारीने आचके दिले, धूर सोडला आणि ती थांबली.

बाने हँडल मारलं. एकदा, दोनदा, घामाघूम होईपर्यंत. इंजिन नुसतं फिरलं.

"दादूस," थोरली कोळीण म्हणाली, "आमची होरी थांबली तर वल्हं मारता येतं. हिला काय मारायचं?"

"तोंड बंद ठेव, मावशे. टोपलीसकट उतरवीन."

"उतरव ना. चालत तुज्या आदी पोचतंय."

धाकटी हसली. मला हसू आलं नाही. मी उन्हाकडे बघत होतो.

बा मात्र घाईत नव्हता. आधी त्याने पेट्रोलची नळी सोडली. पेट्रोल येत होतं. मग एक प्लग काढला, पुसला, तार जोडून इंजिनाच्या लोखंडावर आडवा ठेवला आणि मला हँडल फिरवायला सांगितलं. पण भर उन्हात ठिणगी दिसणार कशी? तेव्हा थोरली कोळीण पुढे आली आणि तिने आपला पदर आमच्या डोक्यांवरून इंजिनावर धरला. त्या काळोखात, मासळीच्या वासात, धाकटी हँडल फिरवू लागली. आम्ही दोघं डोळे फाडून बघत राहिलो. काही नाही.

बाने नवा प्लग लावून पाहिला. काही नाही. मग बाकीचे तिन्ही.

"चार भाव येकदम मरत न्हाय," तो म्हणाला. "यांची आय बगू."

ठिणगी तयार होते ती मॅग्नेटोत. त्याचं झाकण बाने काढलं. आत दोन बारीक टोकं असतात. ती एकमेकांना टेकून सुटली की ठिणगी पडते. त्या टोकांवर तेल चमकत होतं. बाने बोट फिरवून वास घेतला.

"माशाचं हाय," तो म्हणाला. "मीच लावलं काल."

मचवा लांबच्या फेरीला निघायचा असला, की आमच्याकडे त्याला तेल चोपडतात. आदल्या संध्याकाळी बाने मोटारीचं झाडून सगळं लोखंड तसंच पुसून काढलं होतं. पोरगा परीक्षेला जाणार, म्हणून झाकणाच्या आतलं सुद्धा. इंजिन तापल्यावर ते तेल पातळ होऊन टोकांमध्ये शिरलं होतं.

"बा, पुसून निघंल ना?"

"निघंल कसं न्हाय. जाड कागद दे."

मी माझ्या वहीचा पुठ्ठा फाडला. चिंधी पेट्रोलमध्ये भिजवून त्याने टोकं पुसली, मग पुठ्ठ्याची पट्टी त्यांच्यामधून ओढली. ती काळी निघाली. पुन्हा नवी पट्टी, पुन्हा नवी, कोरी निघेपर्यंत. पदर पुन्हा आमच्यावर आला. हँडल फिरलं आणि प्लगच्या तोंडाशी निळी ठिणगी टचकन उडाली.

"हाय रं, हाय," थोरली म्हणाली.

रेवसला पोचलो तेव्हा लाँच अजून धक्क्यालाच होती. पण बाने इंजिन बंद केलं नाही.

"लाँच सुटल्याबिगर बंद करत न्हाय. चुकलीच तर मांडव्याला नेतो, तिथनं गलबत बगू. तू पल."

तो खाली उतरेना. पेडलवरचा पाय त्याने काढला नाही. मी वाकून त्या पायालाच हात लावला, ट्रंक उचलली आणि धावलो. लाँच लांब गेल्यावर मागे पाहिलं, तर मोटार धक्क्याशी तशीच थरथरत उभी होती.