आत्या आणि आडोशाचा उजेड

बोर्डीची आत्या कुणाच्याही घरात शिरली की आधी वर बघायची. माणसं नंतर. उघडी ट्यूबलाइट दिसली की तिचं तोंड वाकडं व्हायचं, आणि ते यजमानांच्या नजरेतून सुटणार नाही याची ती काळजी घ्यायची. आमच्या शेजाऱ्यांच्या नव्या बैठकीत बसून तिने शांतपणे विचारलं होतं, "सायवनची एसटी इथूनच सुटते का?"

तिने आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, आधी गंजाडला, मग बोर्डीत. तिच्या स्वतःच्या घरात एकही दिवा दिसत नसे. एक कपाटाच्या माथ्यावर, एक पडद्याच्या फळीमागे. उजेड आधी चुन्याच्या भिंतीवर पडायचा आणि तिथून मऊ होऊन आपल्यापर्यंत यायचा. "दिवा कुणाच्या तोंडावर मारू नये," ती म्हणायची, "माणूस काय चोर आहे?" तिच्याकडे खिचडी खातानाही सगळे आपोआप हळू बोलत.

बाबा तिचे धाकटे भाऊ. निवृत्तीनंतर त्यांनी डहाणूचं घर नव्याने करून घेतलं. वापीहून आलेल्या डेकोरेटरने पीओपीचं छत केलं, कडेने निळ्या-गुलाबी पट्ट्या लपवल्या, मधे गोल दिव्यांची रांगच्या रांग बसवली आणि याला इनडायरेक्ट लाइटिंग म्हणतात असं बाबांना पटवून दिलं. वास्तुशांतीच्या दिवशी बाबा पाहुण्यांना रंग बदलून दाखवत होते. आत्याने त्या डेकोरेटरला विचारलं, तुम्ही एरवी सलूनची कामं करता का. पाहुणे हसले. बाबा हसले नाहीत. तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं बंद झालं. भाऊबीजेलाही ती आली नाही.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणल्यावर ते सारखे डोळे मिटून पडत. आई म्हणायची, त्यांना आता आपल्याकडे बघावंसंच वाटत नाही. दिवे घालवावेत तर भरवताना घास दिसत नसे. खोलीची एकुलती खिडकी शेजारच्या इमारतीला टेकलेली.

आत्याला कळलं तशी ती आली. सवयीने वर बघितलं. मग बाबांच्या शेजारच्या खाटेवर आडवी झाली. उठून बसल्यावर तिने आम्हाला विचारलं, "तुमच्यापैकी कुणी इथे पडून वर बघितलंय का?"

कुणीच बघितलं नव्हतं. तिने छतातले सगळे दिवे बंद करायला लावले आणि टेबललॅम्प बाबांच्या उशाशी जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून ठेवला.

थोड्या वेळाने बाबांनी डोळे उघडले. आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"ताई," ते अडखळत म्हणाले.

"छत अजूनही भिकारच आहे," आत्या म्हणाली.

बाबांच्या ओठांची एक बाजू हसली.

ती शेवटपर्यंत राहिली. त्यांना भरवताना ती डेकोरेटरला, मला आणि डहाणूतल्या तमाम दिवाणखान्यांना नावं ठेवत असे. बाबा उघड्या डोळ्यांनी ऐकत.

तेराव्यानंतर ती बोर्डीला निघाली तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, हे छत आता काढूनच टाकतो. तिने पिशवी खाली ठेवली.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "हौसेने केलं होतं त्याने."