जमिनीवरचं हेलिकॉप्टर

देवपूरच्या घरात टीव्हीच्या वर धाकट्या बहिणीचा फोटो आहे. ती चालवते त्या हेलिकॉप्टरच्या दारात उभी, केस उडालेले. माझा फोटो बघायचा तर आधारकार्ड काढावं लागतं. तिचा हेवा मी कधी लपवला नाही. पायलट व्हायचं आधी माझ्या डोक्यात आलं होतं. वैद्यकीय तपासणीत मला डोळे मिटून उभं केलं आणि मी बाजूला कलंडले. लहानपणी सतत वाहणाऱ्या कानानं तोल घालवला होता.

आता मी शिरपूरजवळच्या एका कॉलेजात हेलिकॉप्टरचं सिम्युलेटर सांभाळते. खुर्ची, दांडा, पेडल सगळं खऱ्यासारखं, तीन बाजूंनी पडदा. खाली मात्र साधी फरशी, जागची न हलणारी. जमिनीपासून जरा वर उचलून एकाच जागी तरंगत राहणं सगळ्यांत अवघड. मला ते झकास जमतं.

दिवाळीत ती सुट्टीवर आली, तेव्हा मीच तिला आणि आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, तिथे घेऊन गेले. म्हटलं, होऊन जाऊ दे. तिनं हेलिकॉप्टर उचललं आणि ते डोलायलाच लागलं. डावीकडून सावरलं तर उजवीकडे कललं. शेवटी पडद्यावरची जमीन अंगावर आली. दुसऱ्यांदाही तेच. मला मनापासून आनंद झाला. मग मी बसले आणि जागचं न हलता तरंगून दाखवलं.

"अक्का, तू भारी शे," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण मळमळीनं. तिनं डोळे चोळले. "डोया सांगतस हाललं, आंग सांगस नही. खऱ्यामा आंगलेच पहिले समजस. तुले आठे काहीच व्हत नही?"

"इथे? काहीच नाही," मी ऐटीत म्हणाले.

"तिले कसं व्हई?" मागे स्टुलावर बसलेले आबा सहज म्हणाले. "तिना कान गयेल शे ना."

माझी ऐट तिथेच उतरली. ज्या कानानं मला विमानाजवळ फिरकू दिलं नाही, त्याच कानामुळे मी या खोलीत हुशार ठरत होते. तिनं पाणी मागितलं, मी आणून दिलं.

परतताना गाडी आबा चालवत होते. नरडाण्याच्या पुढे ती माझ्या शेजारी बसल्याबसल्या झोपली. प्रत्येक वळणाला तिची मान झोपेतच आपोआप सावरत होती. मी मात्र तोल जाऊ नये म्हणून खिडकीवरचं हँडल घट्ट धरून ते बघत राहिले, आणि मला तिचा पूर्वीपेक्षा जास्त हेवा वाटला.