मायक्रोवेव्हमधलं विरजण

आमच्या घरात पोटातल्या जंतूंची सगळ्यांत जास्त काळजी मी घेतो, आणि त्यांना ठार मारलं तेही मीच.

सुरुवात खोकल्याने झाली. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि पोट बिघडू नये म्हणून सोबत प्रोबायोटिकच्या कॅप्सूल. खोकला गेला, कॅप्सूल उरल्या. मग मी व्हिडिओ बघायला लागलो. (घरून काम करणाऱ्याला वेळ असतो, फक्त ते ऑफिसला कळू द्यायचं नसतं.) आतड्यात चांगले जंतू असतात, वाईट असतात आणि त्यांची सारखी जुंपलेली असते, एवढं कळल्यावर मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. जेवताना, लिफ्टमध्ये, नोएडाच्या ट्रॅफिकमध्ये मी जंतूंवर बोलायचो. माझी बायको मेधा हेडफोन घालून पोळ्या लाटायला लागली.

आई तेवढी ऐकून घ्यायची. बाबा गेल्यावर ती साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली. येताना दागिने तिने मेधाच्या बॅगेत टाकले आणि विरजणाची डबी स्वतःच्या मांडीवर धरून आणली. साताऱ्याच्या घरी विरजण लावायचं काम बाबांचं. करंगळी बुडवून दूध कोमट झालंय का ते बघायचे आणि आईलाही हात लावू द्यायचे नाहीत. त्यांच्या हातच्या दह्याचं दही, त्याचं पुन्हा दही, असं ते आमच्या फ्रीजपर्यंत पोचलं होतं. आई रोज त्याचाच दहीभात खायची.

एका रविवारी मी फ्रीज आवरायला काढला. विरजणाची वाटी उघडी, शेजारी चिरलेला कांदा! वाईट जंतू नक्की शिरले असणार. मी वाटी मायक्रोवेव्हमध्ये ठेवून चांगली उकळी आणली. वाईट मरतील, चांगले टिकतील असा माझा होरा. (चांगले म्हणजे स्वभावाने सोशिक असणार, असं मी धरून चाललो होतो.)

दही लागलं नाही. आईने थंडीला दोष दिला. बाहेर समोरचा टॉवर दिसू नये इतकं धुकं होतं, त्यामुळे सगळ्यांना पटलंही. पुन्हा विरजण लावून तिने पातेलं शालीत गुंडाळलं, तरी दूध ते दूधच. मेधाने दूधवाल्यावर संशय घेतला. तेव्हा मी तिला धीर दिला, "विरजणात तरी काही दोष नाही. मी स्वतः उकळून ठेवलं होतं."

आईने पातेल्यावरची शाल काढून बाजूला ठेवली.

"उकळलंस?" ती म्हणाली. "ह्यांनी लावलेलं होतं रे ते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसता आमटीभात खाऊन उठली. जंतू जिवंत असतात हे मी जगाला सांगत फिरत होतो, पण आमच्या वाटीत कोण जिवंत होतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

दुकानातून दही आणलं, ते तिने मुकाट्याने मेधाच्या कोशिंबिरीला देऊन टाकलं. मग मी उरलेल्या कॅप्सूल फोडून कोमट दुधात घातल्या, पातेल्याला माझी माकडटोपी चढवली आणि ते हीटरसमोर ठेवलं. संध्याकाळी आत ओल्या पुठ्ठ्याच्या वासाचं काहीतरी तयार होतं. आपला सिद्धांत वाया जाऊ नये म्हणून मी ते ग्लासभर प्यायलो! सोमवारच्या सगळ्या मीटिंगांना मी कॅमेरा बंद ठेवून, घरातल्या सर्वांत छोट्या खोलीतून हजर होतो.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. कॅप्सूलमधले जंतू वेगळ्या कामाचे असू शकतात, त्यांनी दही लागेलच असं नाही, आणि धडधाकट माणसाला त्या रोज लागतातच असंही नाही. आता थोडे दिवस ताकभात खा, म्हणाले. ताक! आमच्या घरात!

मेधाने हे सगळं समोरच्या सहगल आंटींना सांगितलं. त्या आत गेल्या आणि वाडगा घेऊनच बाहेर आल्या. आईने कधीतरी त्यांना कढीसाठी विरजण दिलं होतं, तेव्हापासून त्या त्यावरच दही लावत होत्या.

"माताजी, आपका ही है," त्या म्हणाल्या.

आईने चमचाभर चाखलं. तिचे डोळे भरून आले.

"जरा पंजाबी झालंय," ती म्हणाली, "पण ह्यांचंच आहे."

मलाही रडू आलं. मी ते पोटदुखीवर ढकललं.

दही पुन्हा लागल्यावर आई डब्या भरून निघाली. तळमजल्यावर, मागच्या टॉवरमध्ये, ओळखीच्या प्रत्येक घरी तिने विरजण वाटलं. आईचं मन किती मोठं, या कौतुकाने मी पिशवी धरून मागे होतो. एका दारात त्या घरच्या सूनबाईंनी विचारलं, एवढं कशाला वाटताय?

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आपल्या सातारी हिंदीत सांगितलं, "रख लो बेटी. हमारा लडका दिनभर घरमेंच रहता है."