डोळ्याखालची फूट

राज्यांच्या नव्या हद्दी ठरत होत्या त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझे वडील गेले. दुखणं लांबलं, म्हणून मी काटोलकडच्या माहेरीच अडकून पडले होते. तेरवी आटोपून पांढुर्ण्याला आले, तर अंगणातलं संत्र्याचं झाड वाळून उभं. लग्नानंतर वडिलांनी ते कलम पॅसेंजरमधून मांडीवर धरून आणलं होतं आणि स्वतःच्या हातानं लावून दिलं होतं. त्यांची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू माझ्या घरात होती. आमचे हे शाळेत मास्तर. घरी आल्यावर स्वतः पाणी प्यायची त्यांना आठवण राहत नसे, झाडाला कुठून घालणार?

भांडायचा मला कंटाळा आला होता. रडायचाही. माहेरी येईल त्या पाहुण्यासोबत रडून झालं होतं. पिशवी तशीच ठेवून मी पदर खोचला आणि झाडापुढे बसले. शेंड्याची काडी वाकवली, ती कट्‌कन मोडली. तिच्या खालचीही मोडली. जाड फांदीची साल नखानं खरवडली तर आत कोरडं तपकिरी लाकूड. असं करत करत खाली आले. जमिनीपासून वीतभर उंचीवर नख लावलं, तिथे सालीखाली हिरवं दिसलं, ओलसर. मी तिथेच बसून राहिले.

शेजारच्या काकू म्हणाल्या, वाळलेलं झाड दारात बरं नसतं, उपटून टाक. मी ऐकलं नाही. विहिरीनं तळ गाठला होता, तरी तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, हाती लागेल ते पाणी मी बुंध्याशी ओतत राहिले. मेलेल्या फांद्या कापल्या. हौस म्हणून नाही केलं हे. कपाळाला आठ्या घालून, कंबर धरून केलं. त्या दिवसांत ओट्यावर एकच विषय असे, आपण इकडेच राहणार की नागपूर-वऱ्हाडासोबत मुंबईकडे जाणार. चहा संपेपर्यंत लोक हद्दी आखायचे. हे मला चिडवत, झाडालाही विचारून घे म्हणत, इकडं राहते का तिकडं जाते. मला कोणाच्याच जाण्या-राहण्याचं काही वाटेनासं झालं होतं. झाड तेवढं राहायला हवं होतं.

पावसाळ्यात बुंध्याला फूट आली. चांगली तरारली. मी काकूंना हात धरून आणून दाखवली, आईलाही निरोप पाठवला.

आई दिवाळीनंतर आली. तोवर निकाल लागला होता. माहेर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. पॅसेंजर तीच, नरखेडनंतर पांढुर्णा तेच, पण आई परराज्यातून आली म्हणून ओटा हसला. तिनं पाय धुतले न धुतले तोच मी तिला झाडाशी नेलं.

तिनं एक पान तोडलं, चुरगाळलं, स्वतः हुंगलं आणि माझ्या नाकाशी धरलं. लिंबाचा वास. मग फांदीवरच्या लांब काट्यावरून बोट फिरवून ती खाली बुंध्यावरच्या गाठीवर थांबली.

"डोळा इथं बांधला होता, बाई. संत्रं याच्या वर होतं, ते मेलं. हे खालून फुटून राहिलं ते जंभेरी होय."

आमच्याकडे संत्रं बीपासून लावत नाहीत. जंभेरी लिंबाचं रोप वाढवायचं आणि त्याच्या खोडावर संत्र्याच्या काडीवरचा डोळा, म्हणजे कोंब, सालीसकट काढून बांधायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी तर त्यातच वाढलेली. पण हिरवं दिसलं तेव्हा ते गाठीच्या वर आहे की खाली, हे मी बघितलंच नाही. मला बघायचं नव्हतं. सगळा उन्हाळा मी लिंबाला पाणी घातलं होतं. इतका संताप आला की आत जाऊन विळा घेऊन आले.

आई आडवी आली नाही. ओट्याच्या पायरीवर बसली. तिथूनच म्हणाली,

"डोळा तं तुह्या बाबायनं दुसऱ्याच्या बागेतून मागून आणला होता. जंभेरीचं बी मात्र त्यायनं आपल्या हातानं टाकलं होतं. पाणीबी तेच घालत. उपटाचं असन तं उपट."

मी विळा खाली ठेवला आणि तिच्या शेजारी बसून रडले. बघायला कोणी नव्हतं.

पुढं हे दरवर्षी म्हणायचे, डोळा बांधणाऱ्याला बोलावू, पुन्हा संत्रं होईल. मी बांधू दिला नाही. आंबट तर आंबट.