फ्रेंच साहेबाची निवडणूक

अमेरिकेत ईडन प्रेरी गावातल्या आमच्या कंपनीत माझा साहेब फ्रेंच होता. पंपांचा सगळा विभाग त्याच्याकडे. माझी बायको गेली त्या हिवाळ्यात तो रोज दुपारी माझ्या टेबलाशी यायचा आणि म्हणायचा, "ऊठ, जेवायला चल." कॅन्टीनमध्ये आम्ही दोघंच बसायचो. फारसं बोलायचो नाही.

एक दिवस जेवताना तो म्हणाला, "मी राजीनामा दिलाय. गावी जाऊन निवडणुकीला उभा राहणार आहे."

"तुला राजकारणातलं काय कळतं?"

"काही नाही. पण वडील ज्या कारखान्यात होते तो बंद पडलाय. कारखाना चालवायचं मला कळतं."

तो गेला. आधी गावाचा महापौर झाला, मग खासदार. मी रिटायर झालो होतो. कॉम्प्युटरवर त्याची भाषणं लावून स्वयंपाकघरात बसायचो. फ्रेंच मला येत नाही, पण तो चिडलाय की थकलाय ते कळायचं. मुलगी फोनवर इंग्रजीत विचारायची, "बाबा, हे कशाला बघता?" ओळखीचा माणूस आहे, एवढंच मी सांगायचो. दिवसभरात घरात दुसरा आवाज नसतो, हे तिला कधी सांगितलं नाही.

बंद कारखाना विकत घेणारा एक जण त्याने शोधून आणला. निम्म्या लोकांना काम मिळालं, पण दोन वर्षांत तोही गाशा गुंडाळून गेला. पुढच्या निवडणुकीत साहेब सपाटून हरला. मी दोन ओळींची ईमेल पाठवली, तर रविवारी त्याचा फोनच आला.

"कंपनीत मी सांगितलं की काम व्हायचं," तो म्हणाला. "इथे लोक आधी विचारायचे, इतकी वर्षं कुठे होतास?"

"मग तू काय सांगायचास?"

"काय सांगणार? अमेरिकेत होतो."

मी मागे सोडून आलेली सांगली मला आठवली.

"काल एक म्हातारी आली," तो पुढे म्हणाला. "गटार तुंबलंय म्हणे. आता मी कोणी नाही, असं तिला सांगितलं. तरी हलेना. शेवटी गेलो तिच्याबरोबर."

"माझ्याकडे कोणीच येत नाही," मी म्हणालो. हे बोलायचं ठरवलं नव्हतं.

तो म्हणाला, "पुढच्या रविवारी करतो फोन."

दोन रविवार त्याने केला. तिसऱ्या रविवारी वाजला नाही, तेव्हा मीच लावला.