मुकेशचा रोबोट कोणी नेला

आमच्या घरात एक काचेचं कपाट आहे. त्याला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या नवऱ्याच्या करदोड्याला आहे. आत काय, सोनंनाणं? कशाचं! पत्र्याचे रोबोट, प्लॅस्टिकची अंतराळयानं आणि च्युइंगगमसोबत मिळायची ती परग्रहावरच्या माणसांची चित्रं. मुकेश चव्वेचाळीस वर्षांचे झाले, देवळीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, पण रोज दात घासता घासता रोबोट मोजतात. एखादा बोटभर सरकलेला दिसला की आधी माझ्याकडे बघतात.

एकदा काचेवर ठसा दिसला म्हणून घरातल्या सगळ्यांची बोटं तपासून झाली. ठसा मुकेशचाच निघाला, तरी चेहऱ्यावरची शंका काही गेली नाही. माझ्या माहेरचे आले की कपाटावर चादर पडते. असा संताप होतो माझा!

या संशयाचं मूळ मला लग्नानंतर कळलं. मुकेश दहा वर्षांचे असताना त्यांनी आणि वर्गातल्या रत्नदीपनं देवळीच्या व्हिडिओ हॉलमध्ये अंतराळाचा एक सिनेमा पाहिला. दोघांना पुरतं याड लागलं. मग मुकेशच्या काकांनी नागपूरहून चाकांवर पळणारा रोबोट आणून दिला. दोघं मिळून खेळायचे. तो लपवायची जागा दोघांनाच ठाऊक, असा यांचा समज. पोळ्याच्या आदल्या दिवशी रोबोट गायब झाला, आणि सण आटोपल्यावर यांनी शाळेत सरळ रत्नदीपचं नाव घेतलं.

गुरुजींनी भर वर्गात एकट्या त्याचं दप्तर उलटं केलं. काही निघालं नाही. त्याच्याच दप्तराला हात का लागला, हे त्याच्या बौद्धपुऱ्यातल्या पोरांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. रोबोट त्यानंच नेला, असं मुकेश मला वीस वर्षं ऐकवत आले.

यंदा आमच्या लेकीला, आकांक्षाला, तान्हा पोळ्यासाठी नंदी हवा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी नंदी सजवून घरोघरी फिरवतात. यांचा जुना नंदी माळ्यावर होता, पण माझे सासरे नत्थूजी, म्हणजे आमचे मामाजी, तो काढू देईनात. आधी म्हणाले, किडला असेल. मग म्हणाले, उंदरांनी कुरतडला असेल. शेवटी म्हणाले, नवाच आणू. मामाजी एका पैशाचा खर्च होऊ देत नाहीत, आणि आज नवा नंदी? नवऱ्याचा गुण मलाही लागला असावा. दुपारी मामाजींचा डोळा लागल्यावर मी स्टूल लावलं.

नंदी ठणठणीत होता. फक्त लाकडाच्या नंदीला चाकं पत्र्याची होती, लाल रंग फासलेली. रंग नखानं खरवडला तर खाली चंदेरी पत्रा आणि त्यावर छापलेली चांदणी. मुकेश दुकानातून आल्यावर मी नंदी त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चाकावरची चांदणी लगेच ओळखली आणि नंदी उचलून थेट मामाजींसमोर नेला.

मामाजींनी मग सगळं सांगितलं. ऐन सणाच्या तोंडावर नंदीची चाकं तुटली, पोरगं रडत होतं, म्हणून ती रोबोटाची काढून लावली आणि उरलेला पत्रा भंगारात टाकला. त्या वर्षी नंदीला पहिलं बक्षीस मिळालं होतं. म्हणजे ज्या रोबोटासाठी मित्राला चोर ठरवलं, त्याची चाकं मुकेशनीच गावभर ओढली होती.

"मंग त्याचं दप्तर तपासलं, तवा काऊन नाई बोलले तुमी?" मुकेशनी विचारलं.

"गावात माही इज्जत गेली असती," मामाजी म्हणाले.

मला त्यांची चीड आली, अजूनही येते. संध्याकाळी आम्ही दोघं नंदी घेऊन सेवाग्रामला गेलो. रत्नदीप तिथल्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. त्यानं घराचं दार अर्धंच उघडलं. या माणसाचं आता काय हरवलं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मुकेशनी बोलायला सुरुवात केली तर त्यानं थांबवलं.

"मले नको सांगू. आत माय बसली हाये, तिले सांग."

मीराबाई खाटेवर शेंगा सोलत होत्या. मुकेशनी त्यांच्यापुढे हात जोडले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मीराबाईंनी नंदी मांडीवर घेतला आणि चाक फिरवून पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या लेकाकडे त्यांनी पाहिलं.

"मंग त्या दिवशी मी काऊन मारलं याले?" त्यांनी विचारलं.